मिरीचा राजीनामा

आदरणीय ताईस,

तुझ्या धाकट्या, तापट आणि सध्या नाक वाहणाऱ्या भावाचा प्रभूच्या नावात सप्रेम सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे? जिने चढू नकोस असं डॉक्टरांनी सांगितलंय म्हणे, म्हणजे तू दिवसातून चार वेळा चढत असणार. भाऊजींची नवी कवळी तोंडात बसली का, की अजून शर्टाच्या खिशातच हिंडते? त्यांनाही माझा सलाम सांग. इकडे आम्ही ठीक आहोत. ही ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलताना तिचा रक्तदाब वाढतो असं डॉक्टरांचं मत आहे (डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत, डॉक्टर असं म्हणाले असं हीच म्हणते). मी दोन वर्षांनी पत्र लिहितोय हे माझ्या लक्षात आहे. तुझ्या निरोपाच्या चहाला मी उभा राहून चार शब्द बोललो आणि तू अर्धा कप तसाच ठेवून, पर्स उचलून निघून गेलीस, हेही लक्षात आहे. पण तो विषय मी या पत्रात काढणार नाही. काढला तर माझं कसं बरोबर होतं यावर चार पानं जातील आणि टपालाचं वजन वाढेल. हे पत्र निव्वळ कामाचं आहे. तुझी ती चित्रांची पेटी, जिच्यातली चित्रं दाखवून तू संडे स्कूलच्या मुलांना गोष्टी सांगायचीस, ती मला पाहिजे. का पाहिजे हे कळण्यासाठी तुला मिरीच्या राजीनाम्याची हकीकत ऐकावी लागेल.

मिरी तुला आठवत असेल. बेकरीवाल्याचं शेंडेफळ. तू गेलीस तेव्हा सहा वर्षांची होती, पुढचे दोन दात नव्हते, आणि गाण्याची शेवटची ओळ सगळ्यांची संपल्यावर एकटीच सावकाश संपवायची. (तू तेव्हा बाजाच्या पेटीवरचा हात उचलायची नाहीस, तिचं होईपर्यंत सूर धरून ठेवायचीस. मला ते शिस्तीला सोडून वाटायचं.) आता ती आठ वर्षांची झाली आहे, दात आले आहेत, आणि त्याबरोबर अक्कलही बेताबाहेर आली आहे. बाकी वर्गात सात मुलं. पोस्टमनचे जुळे, आणि दातांच्या डॉक्टरांचा मुलगा, ज्याला सगळे वकील म्हणतात, कारण तो 'सुप्रभात' म्हटल्यावरही पुरावा मागतो, ही त्यातली मुख्य मंडळी. हा वर्ग मी तुझ्याकडून घेतला तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आता गाणी कमी आणि माणूस घडवणं जास्त.

आता, ताई, माणूस घडवायचा तर आपल्याला जे येतं त्यानेच घडवणार ना? मला काय येतं? एकतीस वर्षं कपबश्यांच्या कारखान्यात तपासनीस आहे. भट्टीतून कप येतात, थंड होतात, माझ्या टेबलावर येतात. मी लाकडी दांडीने प्रत्येक कपाच्या कडेला एकदा टक्‌ करतो. खणकन वाजला तर डावीकडे, पास. बद्द वाजला तर आत कुठेतरी चीर आहे, डोळ्याला दिसो न दिसो, उजवीकडे, बाद. दिवसाला दोन हजार कप. माझा कान अजून फसलेला नाही, हे मी फुशारकीने सांगत नाही, कारखान्यात कोणालाही विचार. तर एका रविवारी मी दोन कप आणि माझी दांडी घेऊन वर्गात गेलो. दोन्ही वाजवून दाखवले. मुलं अगदी थक्क झाली. मग मी म्हणालो, मुलांनो, देवसुद्धा रोज संध्याकाळी तुम्हाला असंच एकदा वाजवून बघतो. जो दिवसभर चांगला वागला तो खणकन वाजतो. खोटं बोललात, कोणाचं काही घेतलंत, मनात वाईट आणलंत, की आवाज बद्द. इतका सुंदर धडा आपल्याला सुचला म्हणून घरी येऊन मी हिला तो पुन्हा करून दाखवला. ही भाजी चिरत होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाजीकडे बघितलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

मुलांकडे दांडी नव्हती, म्हणून पुढच्या आठवड्यात गावातल्या चमच्यांना सुट्टी नव्हती. पोस्टमनच्या जुळ्यांनी एकमेकांना इतकं वाजवलं की दोघांच्या कपाळावर एकाच जागी टेंगळं आली, त्यामुळे एकाच्या कपाळावरचा व्रण ही त्यांना ओळखायची जी एक खूण होती तीही गेली. वकिलाने घरी जेवायला आलेल्या पाहुण्यांना एकेक करून वाजवलं आणि आत्याबाईंना बाद केलं. रविवारी उपासनेत सगळे डोळे मिटून शांत प्रार्थना करत असताना त्याने मागून जाऊन पाळकसाहेबांच्या टकलावर चमचा टेकवला. (पाळकसाहेब पास झाले. वकिलाने तसं मोठ्याने जाहीर केलं. तरी त्यांचा चेहरा मला काही समाधानी वाटला नाही.) बरं, मारामाऱ्या सोड, चांगुलपणाचाही उच्छाद झाला. जुळे वर्गाच्या दारात उभे राहून 'आधी तू', 'नाही, आधी तू' असं पाऊण तास करत राहिले, कारण आधी आत जाईल तो बाद. शेवटी एकाने दुसऱ्याला ढकलून आत घातलं आणि मग ढकलणारा रडायला लागला की आता मीच बाद झालो. मला मात्र वाटत होतं की अहाहा, काय परिणाम होतोय!

आणि मग राजीनामा आला. वहीचं रेघांचं पान, घडी घालून दाराखालून सरकवलेलं. तो मी जपून ठेवला आहे, तुझ्यासाठी जसाच्या तसा उतरवतो: "कपकाकांना. मी संडे स्कूलचा राजीनामा देत आहे. मी स्वतःला रोज वाजवून बघितलं. मी बद्द वाजते. सोमवारी दादाच्या वाटचा पाव खाल्ला. मंगळवारी खाल्ला नाही पण खावासा वाटला. बुधवारी काहीच वाईट केलं नाही, पण मग मी किती चांगली असं मनात आलं, म्हणजे तेही गेलं. गुरुवारपासून वाजवणं बंद केलं आहे. माझ्या जागी दुसरी चांगली मुलगी घ्या." खाली सही, सहीखाली तारीख.

खरं सांगू? वाचून आधी मला अभिमानच वाटला. वाटलं, काय बारकाईने तपासलंय पोरीने! आमच्या कारखान्यात अशी नजर मिळत नाही. मी कागद हिच्या हातात दिला. हिने वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "तुम्ही आठ वर्षांच्या पोरीला बाद केलंत." मी म्हणालो, मी कुठे केलं, तिने स्वतःच केलं. "शिकवलं कोणी?" म्हणाली आणि आत गेली. मिरी त्या रविवारी आली नाही. पुढच्याही नाही. गाणं संपलं की सगळे एकदम गप्प व्हायचे, मागून एकटी ओळ यायची नाही, आणि ताई, जी शिस्त मला इतकी वर्षं हवी होती ती मिळाल्यावर मला कसंतरीच व्हायला लागलं.

शेवटी पाळकसाहेबांकडे गेलो. (ते बोलताना टकलावरून हात फिरवत होते. मी तिकडे बघितलं नाही.) त्यांनी राजीनामा वाचला आणि म्हणाले, "तुम्ही मुलांना नियम शिकवलात, आता कृपा शिकवा. देव चांगल्यांनाच जवळ करतो असं नाही. कृपा मिळवावी लागत नाही, ती दिली जाते." मी मान डोलावली, म्हणजे हे तर मला केव्हाचंच ठाऊक आहे अशी. प्रवचनात पन्नास वर्षं ऐकलंय मी हे. ऐकताना मागच्या बाकावर कोण पेंगतंय याचीही तपासणी चालू असायची, त्यामुळे आत किती शिरलं असेल ते तूच समज.

मी ठरवलं, कृपेचा धडा असा द्यायचा की परत नाव नको. खोडरबर लावलेल्या आठ पेन्सिली आणल्या आणि वर्गात म्हणालो, या घ्या, प्रत्येकाला एक. "कशाबद्दल?" वकील. कशाबद्दलही नाही, मी म्हणालो, फुकट. जुळ्यांपैकी एकाने पेन्सिल उलटसुलट करून बघितली, हिच्यात शिसं आहे ना म्हणून. मग वकील उठला. त्याने अख्खा अध्याय पाठ केला होता, आणि शेजारच्याने एक ओळही नाही, तर दोघांना सारखीच पेन्सिल हा काय न्याय? त्याला पेन्सिल नको होती, शेजाऱ्याची काढून घ्यायला हवी होती. शेजाऱ्याने त्याला त्याच पेन्सिलीने टोचलं. जुळ्यांना एकाच रंगाच्या मिळाल्या म्हणून त्यांनी त्या मोडून चार केल्या. माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुमची लायकीच नाही! आणा इकडे सगळ्या!" आणि आठवी, जी मिरीसाठी ठेवली होती, तिच्यासकट सगळ्या पेन्सिली गोळा करून खिशात घातल्या. वर बघतो तर दारात पाळकसाहेब. जगात कृपा वाटून परत गोळा करणारा मी पहिलाच असेन. ते दार हळूच लोटून गेले. ताई, मी त्या छोट्या खुर्चीवर बसलो आणि उठलोच नाही. कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

मग म्हटलं, आता मिरीलाच जाऊन भेटावं. बेकरीत गेलो. बेकरीवाला भट्टीतून ट्रे ओढत होता. मी मिरी आहे का विचारलं. त्याने मैद्याच्या पोत्यांमागे वाकून बघितलं, कानोसा घेतला आणि बिचाऱ्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मिरी म्हणते, मिरी घरी नाही." तेवढ्यात पोत्यांमागून आवाज आला, "आता हे खोटंपण झालं. लिहून घ्या." मी पोत्यांना उद्देशून कृपेवर चांगलं दहा मिनिटं बोललो. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती, एका बाईने तर 'आमेन'ही म्हटलं. पोती मात्र हलली नाहीत. निघताना बेकरीवाला माझ्यामागे दारापर्यंत आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, पोरगी पाव खायची बंद झालीय. बेकरीत राहून. म्हणते, माझ्या वाटचा दादाला द्या." घरी येऊन मी हिला तेवढंच सांगितलं.

पुढचं जे झालं त्यात माझा काहीही हात नाही, हे आधीच सांगतो. शुक्रवारी मी सर्दीने घरी पडलो होतो. ही उठली, बेकरीत गेली आणि मिरीला घेऊन आली. कसं आणलं म्हणशील? कृपेबद्दल चकार शब्द काढला नाही. "मला कप धुवायला कोणीतरी हवंय," एवढंच म्हणाली. मिरी स्वयंपाकघरात स्टुलावर उभी राहून कप धुवायला लागली, ही पुसत होती, आणि मी पांघरूण घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर, नाकाला रुमाल लावून. बोलायची मला बंदी होती. थोड्या वेळाने सवयीने पोरीने चमचा उचलला आणि कपाला टक्‌ केलं. बद्द. दुसऱ्याला केलं. बद्द. मग तिने एकेक करत फळीवरचे सगळे वाजवले, कान जवळ नेऊन, अगदी माझ्यासारखं. मग माझ्याकडे वळली.

"कपकाका, तुमचे सगळेच कप बद्द आहेत."

आता यात विशेष ते काय? आमच्याकडे पद्धतच आहे, बाद माल फोडायचा असतो, पण फोडायच्या आधी तपासनीस हवा तो घरी नेऊ शकतो. मी एकतीस वर्षं नेतोय. कुणाचा कान वाकडा, कुणाला कडेला केसाएवढी चीर, एकाचं बूड असं की टेबलावर ठेवला की सलाम करतो. माझ्या घरात पास झालेला एकही कप नाही, ताई, हे माझ्या तोपर्यंत कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी तिला म्हणालो, हो, सगळे बादच आहेत.

"मग फोडले का नाहीत?"

मी खरंच काही विचार केला नाही. धडा द्यायचा म्हणून तर मुळीच बोललो नाही, नाक चोंदलं होतं, डोकं जड होतं. मी म्हणालो, "अगं, फोडीन कसे? माझे आहेत ते."

मिरी बघतच राहिली. मग तिने तो सलाम करणारा कप उचलून विचारलं, हा पण? हो, तो पण, सकाळचा चहा त्यातच घेतो मी. "बद्द वाजतो तरी?" वाजू दे. आणि तेवढ्यात ही कप पुसता पुसता म्हणाली, "आणि हे आमचे साहेब. यांनापण वाजवून बघ हवं तर. तेहतीस वर्षं ठेवून घेतलंय." मिरी स्टुलावरून उतरली, माझ्याजवळ आली, आणि माझ्या कपाळावर चमच्याने हळूच टक्‌ केलं. मग हसायला लागली. इतकी हसली, इतकी हसली की हिला तिला धरावं लागलं. मी रुमाल डोळ्यांवर धरला आणि सर्दी फार झालीय असं म्हणालो. दोघींपैकी कोणाचाही त्यावर विश्वास बसला नाही. तिने आमच्याकडे दोन पाव खाल्ले, लोणी लावून, आणि दादासाठी एक मागून नेला. आणि जाताना मला बजावलं की हा चांगुलपणासाठी नाही, त्याला आवडतो म्हणून आहे.

रविवारी ती आली. शिकायला नाही, नुसतं बघायला, असं तिने दारातच स्पष्ट केलं. मी पेन्सिली परत वाटल्या, मोडलेल्यांसकट, आणि मुलांना माझ्या फळीवरच्या कपांचं सांगितलं. म्हणालो, मागे मी देवाला तपासनीस केलं होतं ते चुकलं, तपासनीस मी आहे, देवाचं घर आमच्या स्वयंपाकघरासारखं असावं. वकील अर्थातच उठला. मग काय, वाटेल तसं वागलं तरी चालेल का? मी घसा खाकरत उभा. तर मागून मिरी म्हणाली, "मी काकूंकडे कप किती जपून धुतले! बाद होते तरी." वकील, माझ्या माहितीत पहिल्यांदाच, पुरावा न मागता खाली बसला. शेवटी गाणं झालं. सगळे थांबले, आणि मागून एकटी ओळ आली, सावकाश. मी पेटीवरचा हात उचलला नाही.

तर काम असं की चित्रांची पेटी पाठव. मी तोंड उघडलं की घोटाळा होतो, त्यापेक्षा चित्रं दाखवलेली बरी. भाऊजींना पुन्हा सलाम. गुडघ्याला जप.

तुझा धाकटा

ता. क. १ – पेटी पाठवू नकोस. ती इथेच वर्गातल्या कपाटावर आहे. तू नेलीच नव्हतीस. हे मला पत्र सुरू करायच्या आधीपासून माहीत होतं. पत्र लिहायला काहीतरी निमित्त पाहिजे म्हणून लिहिलं.

ता. क. २ – खरं काय झालं ते सांगतो. त्या रविवारी वर्ग सुटल्यावर मिरी मागे थांबली आणि म्हणाली, कपकाका, तुम्ही कपांशिवाय अजून कोणाला बाद केलंय? मी आधी कोणाला नाही म्हणालो. ती उभीच राहिली. मग मी तिला निरोपाच्या चहाचं सांगितलं. आभार मानायला उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर म्हणालो की ताईने बारा वर्षं मुलांचे नुसते लाड केले, शिकवलं काहीच नाही, तेही सांगितलं. तिने विचारलं, मग तुम्ही ताईंना काय लिहिलं? काही नाही, मी म्हणालो, मनात आहे, पण आधी वर्ग नीट चालवून दाखवतो, काहीतरी चांगलं करून दाखवतो, मग लिहिणार. पोरीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी दांडी आठवली. "म्हणजे आधी खणकन वाजणार आणि मग लिहिणार?" म्हणाली.

ता. क. ३ – आत्ता ती समोरच बसली आहे. वरची सगळी पानं तिने वाचली. म्हणते, गोष्ट छान आहे पण जे लिहायचं होतं ते कुठेच नाही, आणि कारणं सांगायची नाहीत. बरं. ताई, मी चुकलो. मला माफ कर. (इथे कंसात एक कारण होतं. मिरीने खोडायला लावलं.)